बाकीच्यांना काही नाही

समोरचा माणूस पासवर्ड टाइप करायला लागला की तायडे मॅडम तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायच्या. खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. एक बंद पडलेला कूलर, त्याच्या टाकीत साचलेला कचरा आणि पलीकडे एका छापखान्याची मागची भिंत. तरी त्या इतक्या मन लावून बघायच्या, की नव्या माणसाला वाटावं तिकडे काहीतरी चाललंय. तोही मान वळवून बघायचा आणि पासवर्ड चुकवायचा.

तसं हे तोंड फिरवणं बिनकामाचंच होतं. सर्व्हरची सगळी सत्ता मॅडमच्या हातात. मनात आणलं तर त्या कुणाचाही पासवर्ड बदलू शकत, कुणाचीही फाइल उघडू शकत. मी एकदा तसं म्हटलंही. त्यांनी भिंतीकडे बघतच उत्तर दिलं, "उघडता येते म्हून उघडाव काय गजानन? शेजारनीची चाबी आपल्यापाशी राह्यते, म्हून आपन तिच्या घरात जाऊन डबे उघडून पाह्यतो काय?"

ते दिवस असे होते की वऱ्हाडात सकाळी पेपर हातात घ्यायला नको वाटायचं. पहिलं पान न बघता एकदम आतलं पान काढायची सवय मला तेव्हा लागली, ती आजही सुटलेली नाही. त्याच काळात एका संस्थेनं शेतकरी कुटुंबांसाठी फोनची हेल्पलाइन सुरू केली होती. ज्याला कुणाशी बोलावंसं वाटतं त्यानं बोलावं, एवढाच हेतू. फोन घेणारे समुपदेशक काही अमरावतीला बसत, काही अकोल्याला. फोन संपला की ते बोलण्याचं टिपण लिहीत आणि अमरावतीच्या सर्व्हरवर एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवत. तोच माणूस पुन्हा बोलला आणि फोनवर दुसराच समुपदेशक असला, तर त्याला मागचं वाचता यावं. त्या माणसाला आपलं दुखणं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागू नये.

तो सर्व्हर लिनक्सवर चालायचा आणि रत्ना तायडे तो सांभाळायच्या. मी त्यांचा तांत्रिक सहायक. म्हणजे भारनियमन सुरू झालं की इन्व्हर्टरकडे धावायचं, आणि अकोल्याचा फोन आला की "मॅडम बघतायत" असं सांगायचं.

मॅडम माहेरच्या इंगळे, दर्यापूरकडच्या. अंगानं किरकोळ, सुती साडी, चष्म्याला दोरी, पायावर कायम थोडी सूज. वर्षात त्यांच्या दोनच सुट्ट्या पक्क्या, जयंतीची आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाची. बाकी कधीही या, त्या खुर्चीत. पाण्याची स्टीलची बाटली घरून आणायच्या आणि दुसरीकडचं पाणी तोंडाला लावायच्या नाहीत. खारपाणपट्ट्यात वाढलेलं माणूस पाण्याच्या बाबतीत संशयी असतं. "आमच्याकडच्या पान्यात तुरीची डाय शिजत नाई, मानसाचं काय होत अशीन?" असं म्हणून त्या हसायच्या. आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलतात. मॅडमही तशाच बोलायच्या, आणि पुण्याहून आलेल्या एखाद्या पाहुण्याला त्या रागावल्यात असंच वाटायचं. रागावलेल्या नसायच्या. दमलेल्या असायच्या. आम्ही सगळेच दमलेले होतो. दिवसभर फोन घेणाऱ्या बायका दुपारी डबा उघडायच्या, दोन घास खायच्या आणि झाकण लावून ठेवायच्या.

सबंध कार्यालयात एसी एकच, तोही सर्व्हरसाठी. मे महिन्यात अमरावती तापली की कुणी ना कुणी काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत येऊन बसायचं. मॅडम कुणाला हाकलत नसत. फक्त आपल्या मॉनिटरचं तोंड भिंतीकडे करून ठेवत आणि स्वतः मान वाकडी करून काम करत.

नवा समुपदेशक आला की त्या त्याला सर्व्हरचे नियम समजावून सांगत. मी ते इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे. "फाइलच्या नजरेत जगात तीनच लोक हायेत. एक मालक, म्हंजे ज्यानं लिवली तो. दुसरा गट, म्हंजे मालकाच्या संगं काम करनारे. अन् तिसरे, बाकीचे. मालकाले सारं. गटाले सारं. बाकीच्याईले काई नाई." मग चष्म्यावरून बघत विचारायच्या, "बाकीचे म्हंजे कोन?" नवा माणूस म्हणायचा, चोर, हॅकर. "नाई. बाकीचे म्हंजे आपलेच. ऑफिसातले. मी. हा गजानन. ज्याले त्या मानसानं सांगतलं नाई, तो बाकीचा."

एवढं स्वच्छ सांगूनही एक घोटाळा दर आठवड्याला व्हायचा. सामायिक फोल्डरची व्यवस्था अशी, की त्यात नवी फाइल तयार केली किंवा कॉपी करून टाकली, तर तिला आपोआप 'समुपदेशक' हा गट लागायचा आणि सगळ्या समुपदेशकांना ती उघडायची. पण फाइल आपल्या खासगी फोल्डरमध्ये लिहून, तिथून उचलून इथे हलवली, तर ती जुनाच गट घेऊन यायची. मग लिहिणारी सोडून दुसऱ्या कुणालाच उघडायची नाही. आमच्या बायका नेमकं तेच करायच्या. घर झाडूनपुसून ठेवायची सवय. एक फाइल दोन ठिकाणी ठेवणं त्यांना पसारा वाटायचा, म्हणून कॉपी न करता उचलून टाकायच्या. मॅडमनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं होतं, 'कॉपी करा, हलवू नका'. काही उपयोग झाला नाही. "हलवलेली फाइल घर बदलते, जात बदलत नाई," मॅडम म्हणायच्या. आणि जरा थांबून, "आमाले कोनी शिकवाव लागलं नाई हे." मग एक उसासा टाकून हातानं गट बदलून द्यायच्या.

आमचे संचालक या सगळ्याला वैतागले होते. माणूस वाईट नव्हता, पण कुलपांवर त्यांचा विश्वास नव्हता. मुंबईहून मदत देणारे पाहुणे यायचे होते आणि सरांना त्यांना पडद्यावर चार टिपणं दाखवायची होती. ती त्यांना स्वतःलाच उघडेनात. खोलीत येऊन म्हणाले, "तायडे मॅडम, ही रोजची कटकट संपवून टाका. सात-सात-सात करा. सगळ्यांना सगळं उघडं." सात-सात-सात म्हणजे मालक, गट आणि बाकीचे, तिघांनाही सगळी परवानगी. आमच्या व्यवसायात दमलेला माणूस शेवटी हेच करतो.

"नावं कुठे आहेत त्यात? नुसते नंबर तर आहेत," सर म्हणाले.

"नंबर हायेत सर. पन गाव हाय, बायको कोनत्या गावची ते हाय, लेकरं किती ते हाय. आपल्याकडे एवढ्यावरून मानूस सापडते."

"अहो, मी संचालक आहे."

"हाव ना सर. तुमी म्हनता तं करतो. फक्त उद्यापासून फोन उचलला का पोरीईले सांगाव लागन, का भाऊ, बोला, पन हे सारं ऑफिस वाचनार हाय." सर तसेच परत गेले. पाहुण्यांना शेवटी आलेख दाखवले. मॅडम मात्र जिंकल्यासारख्या दिसल्या नाहीत. दिवसभर पायाचे घोटे चोळत बसून होत्या.

दिवाळी होऊन गेली होती. मोर्शीकडच्या एका सहकाऱ्यानं घरच्या बागेतली संत्री आणून सगळ्यांना पिशव्या भरून वाटली होती. दुपारी अकोल्याहून कविताताईंचा फोन आला. त्या तिथल्या जुन्या समुपदेशक, सहसा न डगमगणाऱ्या. त्या दिवशी नमस्कारही न करता बोलायला लागल्या. मॅडमनी स्पीकर लावला.

"काल शबानाशी बोललेला एक माणूस आत्ता पुन्हा बोलला मॅडम. शबाना आज रजेवर. तिचं टिपण मला उघडेना, परवानगी नाही म्हणते. मी म्हटलं, भाऊ, काय झालं ते मले जरा पह्यल्यापासून सांगता काय? तो गप्प राह्यला. मंग म्हने, परत सांगनं होत नाई बाई. अन् फोन ठेवला. कॉइन बॉक्सवरचा नंबर हाय, वापस लावून राह्यली तं कोनी उचलत नाई."

मॅडमनी "पाह्यतो" म्हणून फोन ठेवला. सामायिक फोल्डर उघडून यादी काढली. एकाखाली एक नंबर, सगळ्यांपुढे 'समुपदेशक' गट. शेवटी एकच ओळ वेगळी. गट शबानाचा स्वतःचा, म्हणजे फाइल हलवलेली. आणि नंबराच्या जागी चक्क नाव आणि गाव, इंग्रजी अक्षरांत. सुधाकर इंगळे, आणि दर्यापूरजवळचं एक खेडं.

शबाना नवीन होती. तिनं असं का केलं ते तिनं नंतर रडत सांगितलं. "मॅडम, इतना रो रहे थे वो. रोते आदमी को नंबर देने का मेरा दिल नहीं हुआ."

मॅडमनी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. मी म्हटलं, "मॅडम, गट बदला ना लवकर." त्या म्हणाल्या, "हा माहा भाऊ हाय. लहाना."

आणि खुर्चीतून उठल्या. "तू बस इथीसा. गट बदल. नाव काढ, नंबर दे. कविताले सांग, का आता उघडते, अन् त्याचा फोन आला तं त्याले एकबी शब्द परत विचारू नको म्हनाव." मग म्हणाल्या, "अन् तो नंबर मले सांगू नको."

मला त्यांचं डोकं फिरलंय असं वाटलं. खोलीत आम्ही दोघंच. फाइल समोर. सगळी सत्ता त्यांच्या हातात. मी म्हटलं, "मॅडम, एकदा वाचून तर घ्या. काय झालंय ते माहीत नसताना जाऊन बोलाल काय?"

"त्यानं ते मले नाई सांगतलं गजानन. माह्या घरचा फोन नंबर होता त्याच्यापाशी. मले सांगाचं असतं तं मले लावला असता. त्याच्यासाठी मी बाकीचीच हाय." मी टाइप करायला लागलो तशा त्या खिडकीकडे वळल्या आणि त्या छापखान्याच्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. मी गट बदलला, नाव पुसून नंबर दिला, कविताताईंना कळवलं. फाइल मीही उघडली नाही. यात माझा मोठेपणा काही नाही, मला भीती वाटली.

मागे वळून बघितलं तर मॅडमनी पर्स खांद्याला लावली होती. एका हातात संत्र्यांची पिशवी. "रिकाम्या हातानं कसं जाव," म्हणाल्या, आणि दर्यापूरच्या गाडीसाठी स्टँडकडे गेल्या.

संध्याकाळी संचालक येऊन म्हणाले, "तरी मी सांगत होतो, सगळं उघडं ठेवा." त्या दिवसापुरतं त्यांचं खरं होतं.

मॅडम बरेच दिवस आल्या नाहीत. मध्ये कुठूनतरी फोन करायच्या. "सर्व्हर चालू हाय काय?" मी हो म्हटलं की ठेवून द्यायच्या. आल्या तेव्हा डोळे खोल गेलेले आणि पिशवीत संत्र्यांच्या जागी ओल्या तुरीच्या शेंगा. मी विचारलं, भाऊ कसे आहेत? "हाय," एवढंच म्हणाल्या आणि शेंगा सगळ्यांना वाटल्या. त्या शेंगा सोलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी एसीवर ढकललं.

मग त्या अकोल्याला जाऊन आल्या. शबाना दाराशीच उभी होती. मॅडमनी तिला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "नाव लिवलं ते चुकलं. पन काहून लिवलं ते चुकलं नाई." परत आल्यावर सर्व्हरवर एक बारीकसा प्रोग्रॅम बसवला. तो दर थोड्या वेळानं सामायिक फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचा गट आपोआप नीट करायचा. मग कुणी कॉपी करो की हलवो. भिंतीवरचा कागद त्यांनी स्वतःच काढला. मी विचारलं, हे आधीच का नाही केलं?

"मले वाटे, लोक शिकतीन," त्या म्हणाल्या. "थकलेला मानूस शिकत नाई गजानन. तो उचलूनच ठेवते. नियम थकलेल्या मानसासाठी कराव लागते, हे मले उशिरा समजलं. माह्याच कुलपानं माहा भाऊ बाहेर राह्यला असता." बाकीच्यांची परवानगी मात्र त्यांनी शेवटपर्यंत वाढवली नाही. "उघडं ठेवलं तरी मानूस जाते, बंद ठेवलं तरी जाते. मंग निदान त्याचं त्याच्यापाशी राहू द्याव."

पुढे त्यांच्या पायाची सूज उतरेनाशी झाली. मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. सुरुवातीला डायलिसिस करून दुसऱ्या दिवशी कामावर यायच्या, एसीत शाल पांघरून बसायच्या. कोण किती दमलंय याची चौकशी त्याच करायच्या. एक दिवस मला बोलावून त्यांनी खुर्ची रिकामी केली. "नवा पासवर्ड टाक. मुख्य." मी म्हटलं, कोणता टाकू? "मले काहून विचारतं?" आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी दोनदा टाइप केला. दोन्ही वेळा चुकला, तिसऱ्यांदा जमला. त्या वळल्या नाहीत. "झालं काय?" त्यांनी शेवटी विचारलं. मी झालं म्हटलं. "मंग आता मी बी बाकीची," म्हणाल्या, आणि बाटली टेबलावरच विसरून गेल्या. पुन्हा त्या कार्यालयात आल्या नाहीत. उन्हाळा लागायच्या आत गेल्या.

महिनाभरानं त्यांचं सामान न्यायला एक माणूस आला. रापलेला, कानशिलावर पांढरे केस, मॅडमसारखाच किरकोळ. "मी सुधाकर. ताईचा भाऊ." सामान ते काय, शाल, एक जुना चष्मा आणि ती स्टीलची बाटली. मी पिशवीत भरून दिलं. तो उठेना. पिशवी मांडीवर घेऊन एसीकडे बघत बसला.

"साहेब, एक विचारू काय? मांगं मी इथं फोन केला होता. तुमाले मालूम अशीन. ताईनं वाचलं होतं काय ते?"

"नाही," मी म्हटलं.

"तुमाले कसं मालूम?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची कशी सोडली, नंबरही मला सांगू नको म्हणाल्या, आणि त्या तिथे खिडकीशी कशा उभ्या राहिल्या. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला.

"मले तं वाटे, वाचूनच आली," तो म्हणाला. "म्हून मी तिले काईच सांगतलं नाई. म्हटलं, तिले सारं मालूमच हाय, तिच्या तोंडासमोर कशाले बोलाव. ती बी काई विचारे ना. वावरात माह्या मांगं येऊन धुऱ्यावर बसे. घरी आलो का ओट्यावर. इतके दिवस राह्यली, पन एका शब्दानं विचारलं नाई." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "मंग ती वाट पाहून राह्यली होती काय, मी सांगन म्हून?"

मी टेबलावर बाटलीच्या बुडाचा उरलेला गोल डाग बोटानं पुसला.

"नुसतं नाव पाहून आली?"

"नुसतं नाव पाहून."

त्यानं पिशवीतून ती बाटली काढली, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. त्याचे खांदे हलायला लागले. मी खुर्ची फिरवली आणि खिडकीबाहेर त्या भिंतीकडे बघत बसलो, त्याचं होईपर्यंत.